भिंत एप्रिलमध्ये, टेकडी आत्ता!

पुण्याची थंडी हा तसा मिनी सीझन. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की स्वेटर खाली येतात आणि महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. मध्ये हाताला लागतात जेमतेम चौदा-पंधरा रविवार. त्यातले तीन लग्नांचे, एक ऑफिसच्या रिलीजचा, एक सर्दी-खोकल्याचा. सह्याद्रीत भटकायला हेच दिवस. हवा नितळ, गडावरच्या टाक्यांत पाणी आणि दुपारचं ऊनही सोसवणारं. आणि घराची डागडुजी काढायलाही म्हणे हेच दिवस!

त्यात घरात सात महिन्यांचं बाळ असेल तर? मग बॉस, हा हिशेब जमणं कठीण.

आमच्याकडे या डिसेंबरात नेमकं हेच झालं. मॅटर्निटी लीव्हचे २६ आठवडे संपवून मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये परत दाखल झाले होते. एरवी माझा हिवाळा म्हणजे हरिश्चंद्रगड, राजमाची, सॅक आणि मातीने माखलेले शूज. नवऱ्याचा हिवाळा म्हणजे खडकवासल्यापर्यंत पहाटेची सायकल. यंदा मात्र दोघांच्याही हिवाळ्यावर फ्रिजला चिकटवलेल्या एका कागदाचं राज्य होतं. हॉलची ओल आलेली भिंत रंगवणे. बाल्कनीला जाळी. खिडक्यांना मच्छरजाळ्या. लेकीचं कपाट जोडणे. कुंड्यांची माती बदलणे. आणि शेवटी सासूबाईंच्या अक्षरात डेडलाइन : ‘बोरन्हाणाच्या आधी!’

त्यांचंही खरंच होतं. नातीची पहिली संक्रांत, पंचवीस माणसं येणार, हलव्याचे दागिने घालून फोटो निघणार. फोटोत मागे पोपडे आलेली भिंत कोणाला आवडेल?

भिंतीचं टाइमटेबल

रंगारी काका आले. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला, नखाने एक पोपडा उचलला आणि निकाल दिला. ‘ताई, भिंत आतून ओली आहे. आत्ता रंग मारलात तर पुढच्या पावसाच्या आत परत पोपडा धरेल. होळी होऊ द्या, ऊन लागू द्या. आधी बाहेरची भेग बुजवा, मग मला बोलवा.’

खात्री करायची तर एक सोपा फंडा आहे. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि दिवसभर ठेवायचा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर भिंत अजून ओलीच. आमच्या प्लॅस्टिकवर दुसऱ्या दिवशी मस्त दव पडलं होतं!

जुन्या भिंतीचं आणखी एक प्रकरण असतं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. तेव्हापासून दशलक्ष भागांत ९० भागांच्या वर शिसं चालत नाही. आमची बिल्डिंग त्याच्या कितीतरी आधीची. असा जुना थर कोरडा घासला तर त्याची धूळ घरभर उडते, आणि सात महिन्यांच्या माणसाचा जगाशी परिचय तोंडातूनच होत असतो. म्हणजे खरवडायचं ते ओलं करून, खोली बंद ठेवून आणि बाळ घरात नसताना. एप्रिलमध्ये लेक आठवडाभर आजोळी जाणारच आहे. भिंतीची तारीख आपोआप ठरली.

मग त्याच रात्री आम्ही कागदावरच्या प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारला : ‘तुला घाई कोणाची?’ बाल्कनीच्या जाळीला घाई लेकीची. ती रांगायला लागण्याआधी जाळी हवी. मच्छरजाळीला घाई डासांची. कपाट जोडून भिंतीला स्क्रूने पक्कं करायचं, कारण उद्या ती त्याला धरूनच उभी राहणार. कुंड्यांना कसलीच घाई नव्हती. घाईची तीन कामं शनिवारी करायची असं ठरलं. बाळाची झोप आणि ड्रिल मशीन यांचं जन्मजात वैर. त्यामुळे ड्रिलची वेळ म्हणजे लेक आजोबांबरोबर खाली सोसायटीत फिरायला जाते ती.

रविवार मोकळे झाले. त्यांची वाटणीही स्वच्छ : एक माझा एकटीचा, एक त्याचा एकट्याचा, बाकीचे तिघांचे. तो सायकल घेऊन निघाला तेव्हा सोसायटीत कोणी काही बोललं नाही. मी सॅक घेऊन निघाले तर लिफ्टमध्येच विचारणा झाली, ‘बाळाला सोडून?’ ‘बाबांकडे आहे,’ मी म्हटलं. यापलीकडे उत्तर द्यायची गरज नसते, हे नव्या आयांनी लिहूनच ठेवावं.

तिघांचा रविवार

तिघांनी मिळून जायचं ठिकाण म्हणजे वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी. कोथरूड, पाषाणची पंचवटी, गोखलेनगर, लॉ कॉलेज रस्ता, सगळीकडून वर वाटा येतात. आम्ही कोथरूडकडून एआरएआयच्या चढाच्या रस्त्याने गाडी वर नेतो. एकेकाळी दहा-बारा तासांचे ट्रेक केल्यावर ही चाल म्हणजे टाइमपास वाटायची. सात किलोचं गाठोडं छातीशी बांधून चालून बघा!

गंमत म्हणजे, बाळ आणि टेकडी दोघांनाही पहाट मानवत नाही. थंडीच्या रात्री गार, जड हवा शहराच्या खोलगट भागात साचते; वर त्यापेक्षा उबदार थराचं झाकण बसतं. शेकोट्यांचा, गाड्यांचा धूर त्याखाली अडकतो. सकाळी सातला वरून पाहिलं तर पुण्यावर करडी दुलई पसरलेली असते. ऊन तापलं की झाकण उचललं जातं. त्यामुळे आमची वेळ नऊची. लेकीची अंघोळ, नाचणीची पेज आणि एक डुलकी झालेली असते. शिस्तीचे टेकडीकर तोपर्यंत खाली उतरत असतात, माकडटोपीतून आमच्याकडे बघत. ‘आत्ता आलात?’ हो, आत्ताच!

वर वेगळंच जग आहे. वन खात्याने लावलेली गिरिपुष्पाची झाडी आणि तिच्यामधून डोकावणारी इथली मूळ मंडळी, सालई, गणेर, पांगारा. गणेर आता निष्पर्ण, रुसल्यासारखा उभा. फेब्रुवारीच्या सुमाराला त्याच काड्यांवर पिवळीधमक फुलं येतील. दगडावर शेपटी थरथरवत बसलेला थिरथिरा दिसला तर समजायचं की थंडी अजून आहे. हा पाहुणा हिवाळ्यापुरताच येतो. पुढे जुनी दगडखाण, तिच्यात साठलेलं पाणी आणि काठावर ऊन खात बसलेली माणसं. मग वेताळाचं देऊळ. हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला सिंहगडावरचे टॉवर दिसतात.

आधी मी इथे घड्याळ लावून चालायचे. आता लेक एका मुंगीकडे पाच मिनिटं बघते, मग आम्हीही बघतो. कोकणकड्यासमोरचं थ्रिल यात नाही, खोटं कशाला बोला. त्यासाठी माझा एकटीचा रविवार आहे. पण कोकणकड्याला जाण्यासाठी लेक मोठी व्हायची वाट बघावी लागेल आणि टेकडी घरापासून वीस मिनिटांवर आहे, हा फरक जाम मोठा आहे.

बोरन्हाण ठरल्या दिवशीच झालं. भिंतीचं काय, असं मी विचारायच्या आत सासूबाईंनी कपाटातून त्यांची स्वतःची काळी चंद्रकळा काढली आणि पोपड्यांवर पडद्यासारखी ताणून लावली. वर कागदी पतंग. फोटो सॉलिड आले. बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे हॉलभर उडाले, आणि नवा रंग नसल्यामुळे कोणीही मुलांना ‘भिंतीला हात लावू नका’ म्हणालं नाही.

टेकडीवर बाळाला नेताना

- पाठीवर घ्यायची फ्रेमवाली कॅरिअर सॅक बाळ आधाराशिवाय बसायला लागल्यावरच वापरा. त्याआधी छातीशी.
- कॅरिअरमध्ये गुडघे बुडापेक्षा थोडे वर हवेत. हनुवटी छातीला टेकलेली नको, नाक-तोंड कायम मोकळं.
- एक जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. मानेला हात लावून बघा. घामेजली असेल तर एक थर कमी करा.
- दहाच्या पुढे ऊन चटकतं. कानटोपी काढून झालरीची सुती टोपी घाला.
- खाणीच्या काठापासून लांब बसा. कचरा आणि डायपर घरी परत आणा.
- फ्रिजवरचा कागद फ्रिजवरच राहू द्या.