हरवलेली किल्ली

सुरतेजवळील हजीरा बंदरावर आम्ही सहकुटुंब घोघ्याच्या बोटीची वाट पाहत बसलो होतो. ८ नोव्हेंबर २०२० रोजी ही सेवा सुरू झाली आणि सुमारे ३७० किलोमीटरांचा रस्ता ९० किलोमीटरांच्या जलमार्गावर आला. आईला सोमनाथाचे दर्शन घ्यावयाचे होते. उतरण्याची सोय मात्र व्हावयाची होती. इतक्यात मोबाईलवर एका यात्रीनिवासाची जाहिरात झळकली. शिखराचे चित्र, 'दोनच खोल्या शिल्लक' हा मजकूर आणि खाली क्रमांक. पलीकडील गृहस्थ मोठे विनयशील! त्यांच्या सांगण्यावरून आम्ही एक ॲप मोबाईलमध्ये घेतले, सांकेतिक शब्द भरला, ओटीपीही सांगितला. क्षणार्धात १८,००० रुपये गेले.

वाचकहो, आम्ही व्यवसायाने वकील. माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड अशा तोतयेगिरीस ३ वर्षांपर्यंत कैद सांगते, हे आम्हांस मुखोद्गत. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना बनावट नोंदणीविषयी सावध केले होते, तेही वाचलेले. त्यामुळे पैशापेक्षा लाजच अधिक झोंबली. कोणास काही न बोलता आम्ही खाडीकडे पाहत राहिलो. त्या वीस मिनिटांत आणखी ७,००० रुपये गेले. ते ॲप आमचे ओटीपी परभारे वाचीत होते.

आईने चेहरा ओळखला. सारे ऐकून तिने जुनी गोष्ट काढली. गोव्यातील आमच्या देवळाच्या फंडपेटीला तीन कुलपे आणि किल्ल्या तीन महाजनांपाशी. एकदा आजोबांकडील किल्ली हरवली. त्यांनी रात्र उलटू दिली नाही. आरतीनंतर सर्वांसमक्ष सांगितले आणि दुसऱ्या दिवशी कुलूप बदलविले. “चावी सांडली जाल्यार सांडली, सांगपाक लज कसली?” आई म्हणाली.

आमच्याही खात्याला सांकेतिक शब्द व ओटीपी अशी दोन कुलपे होती. दोन्ही किल्ल्या आम्ही एकाच परक्याच्या हाती दिल्या होत्या. तत्काळ मोबाईलचे इंटरनेट बंद केले, पत्नीच्या मोबाईलवरून बँकेस व १९३० या क्रमांकावर कळविले, सांकेतिक शब्द बदलला. काही रक्कम वाटेतच अडविली गेली, बाकीची बुडाली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असाच दंडक घातला होता: ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेली हानी बँकेस कळवीपर्यंत ग्राहकाची, कळविल्यानंतरची बँकेची. हा नियम आम्ही पक्षकारांना अनेकदा समजावून दिला होता. त्यातील 'कळवीपर्यंत' या शब्दाचे मोल त्या दिवशी कळले.

बोट सुटल्यावर शेजारच्या यात्रेकरूंना आम्ही ही हकीकत आपण होऊन सांगितली. एक वृद्ध गृहस्थ काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी संकोचाने आपला मोबाईल आमच्यापुढे धरला. त्यावर तेच शिखर होते आणि त्याच दोन खोल्या शिल्लक होत्या.