बेतापुरतं

बायबलमधलं नीतिसूत्रांचं पुस्तक बरंचसं शलमोन राजाच्या नावावर आहे. ज्याच्याकडे वर्षाला ६६६ किक्कार सोनं येई, ज्याला ७०० राण्या आणि वर ३०० उपपत्नी, तो समाधानावर बोलू लागला की ऐकणाऱ्याला जरा हसू येतंच.

म्हणून ३०व्या अध्यायात आगूर भेटतो तेव्हा बरं वाटतं. याकेचा मुलगा, यापलीकडे त्याची फारशी ओळख उरलेली नाही. आल्या आल्या सांगून टाकतो, की माणसांत सर्वांत अडाणी आपणच. मग देवाकडे मागणं: गरिबी नको, श्रीमंतीही नको, वाट्याची भाकरी तेवढी मिळो. इथवर कुणीही मान डोलावेल. खरी मेख पुढे आहे. पोट भरलं तर देव कोण म्हणून विचारीन, उपाशी राहिलो तर चोरी करीन, असं त्याचं म्हणणं. याला तृप्ती म्हणावं तरी कसं? बिचाऱ्याचा स्वतःवरच भरवसा नाही. कैदेतून फिलिप्पैकरांना पत्र लिहिणारा पौल विपुलतेत आणि उणिवेत सारखंच राहायला शिकला होता. आगूर ती परीक्षाच टाळू पाहतो. ही नम्रता, की हुशारी?

याच अध्यायात त्याने चार चिमुकल्या पण शहाण्या जिवांची नावं घेतली आहेत. त्यातला शाफान मृत समुद्राकाठी एन-गेदीच्या खडकांवर आजही ऊन खात बसलेला दिसतो. सशाएवढा, गुबगुबीत. लेवीय पुस्तक त्याला रवंथ करणाऱ्यांत बसवतं. प्राणिशास्त्र ते नाकारतं आणि त्याची सोयरीक थेट हत्तीशी जुळवतं! अंगात बळ नाही, तरी घर खडकात, हे आगूरला भावलेलं शहाणपण. मात्र कळपातला एखादा उंचावर पहारा देतो, म्हणून बाकीचे निवांत चरतात. आगूर त्याबद्दल काही बोलत नाही.

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनचं वेतन सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. आगूरने निदान बेतापुरतं मागून घेतलं होतं. टिळकांनी तेही सोडलं. पण चूल त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची होती, आणि टिळकांच्या हातात पैसा कसा टिकत नसे हे लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकरी सगळ्यांसाठी मागितली आहे. आगूर ती एकट्यापुरती मागतो. त्याच्या घरी कोण रांधत होतं, कळायला मार्ग नाही. लक्ष्मीबाईंना विचारलं असतं तर त्यांनी बेत केवढा सांगितला असता? घरापुरता, की दारात येईल त्यालाही धरून?