लाइन आली!

अकोल्याच्या घरी स्मार्ट बल्ब लावले, ‘झोप’ नावाचा सीन केला आणि खुशीत अमरावतीला परतलो. रात्री तीनला आईचा फोन... "काहून रे, सारे लाइट आपोआप लागले? बाबा दचकून उठले!" लाइन जाऊन आली होती. वीज परतली की पेटायचं, ही बल्बची मूळ सेटिंग. ती बदलली. पण बाबा भिंतीवरचंच बटण दाबणार, अन् बल्ब वायफायवरून गायब!

मग साधा बल्ब, बटणामागे रिले. जुन्या बोर्डात न्यूट्रलच नाही! (कोड लिहिणाऱ्याला वायर कुठे दिसते?) वायरमनने त्याच सर्किटच्या प्लगमधून काळी वायर ओढली.

आता रात्री दोनला फोनवर दिसतं, बाथरूमचा लाइट लागला. तो बंद होईपर्यंत मी जागाच.