बटाट्याचे डोळे

प्राथमिक शाळेत काढलेली झाडाची आकृती माणसाला जन्मभर पुरते. खाली मुळं, वर खोड, खोडाला पानं, फांदीला फूल. बाजूला बाण आणि नावं. पुढे नववी-दहावीत नव्या संज्ञा येतात, परीक्षा संपली की विरून जातात. आकृती मात्र टिकते. म्हणूनच चांगला शिकलासवरलेला माणूसही चाळिशीत बटाट्याला मूळ म्हणतो, कारण तो जमिनीतून निघतो. आकृतीने त्याला अवयवाची जागा पाठ करायला लावली, अवयव ओळखायला शिकवलंच नाही. माझं म्हणणं असं, की आकृतीच्या आधी वर्गात भाजीची पिशवी यावी, आणि आकृतीत न बसणाऱ्या गोष्टी तिच्यात मुद्दाम असाव्यात.

बटाटा आणि रताळं शेजारी ठेवून बघा. बटाट्याच्या प्रत्येक डोळ्यापाशी बारीक कमानदार खूण असते. ती एका खवल्याएवढ्या पानाची जागा, आणि डोळा म्हणजे त्या पानाच्या बगलेतला मुकुल. पान आणि त्याच्या बगलेत मुकुल, ही खोडाची ओळख. रताळ्यावर अशी मांडणी सापडत नाही, ते मूळ. आल्या-हळदीवर पेरं दिसतात, म्हणजे तीही खोडंच. कांदा उभा चिरला की बुडाशी चपटी चकती दिसते. तेवढंच त्याचं खोड. खाली मुळांचा झुपका आणि वर एकात एक बसलेले पानांचे मांसल तळ. उसाची टिपरी लावताना डोळा शाबूत आहे ना, हे पाहणाऱ्या घरातल्या मुलाला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. शाळा त्याला ते विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कार्यांचंही तेच. मूळ पाणी शोषतं, खोड आधार देतं, पान अन्न तयार करतं, हे खरं आहे. पण बटाट्याचं खोड कोणाला आधार देतं? फड्या निवडुंगाची पानं काटे झाली आणि अन्न तयार करायचं काम हिरव्या खोडाने उचललं. केळीचा बुंधा म्हणजे पानांचेच एकात एक गुंडाळलेले तळ. कोकणातल्या खाड्यांमध्ये तिवराची मुळं चिखलातून वर डोकं काढतात, कारण त्या चिखलात हवा जवळजवळ नसते आणि मुळांनाही श्वास लागतो. काम परिस्थितीप्रमाणे बदलतं, आणि ते शोधून काढावं लागतं. झाड माती खाऊन वाढतं, असं पूर्वी मानत. व्हान हेल्माँट या संशोधकाने तोललेल्या मातीत विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६० पौंडांहून अधिक वाढलं, माती जेमतेम दोन औंस घटली. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे छापलं गेलं. सगळं पाण्यापासूनच झालं, हा त्याचा निष्कर्ष चुकला, कारण हवेचा वाटा त्याच्या हिशेबात नव्हता. तरी मुळं माती खातात का, हे त्याने तराजूला विचारलं. मुलांना हा प्रश्न आणि हा तराजू दोन्ही द्यावेत.

यावर शिक्षक म्हणतील, लहान मुलं गोंधळतील. आधी नियम, मग अपवाद. आक्षेप वजनदार आहे. उंबराच्या आत दडलेली फुलं किंवा काजूचं बोंड हा फुगलेला देठ असणं, हे थोडं उशिरा आलं तरी चालेल. पण बटाटा अपवाद ठरतो तो फक्त जागेच्या नियमाला. मुकुलाच्या नियमात तो चोख बसतो. मग कच्चा नियम आधी पाठ करून घ्यायचा कशाला? शिवाय ‘मग’ म्हणून पुढे ढकललेले अपवाद बहुतेकांच्या वाट्याला कधी येतच नाहीत.

राहिली परीक्षा. साठ मुलांच्या वर्गात चार-पाच जणांत एक कांदा देणं जमण्यासारखं आहे. अडतं ते प्रश्नपत्रिकेपाशी, कारण तिथे नावंच विचारली जातात. वर्गात कधीही न दाखवलेली अळकुडी समोर ठेवावी. तिच्यावरची गोल गोल वळी गळून गेलेल्या पानांच्या खुणा आहेत. हा झाडाचा कोणता भाग, एवढं विचारून थांबू नये. कशावरून, हेही विचारावं आणि जास्त गुण या दुसऱ्या उत्तराला ठेवावेत.