कच्छचे माग आणि मागावरची माणसे

मुंबईहून कच्छला जायचे तर वांद्रे टर्मिनसवर संध्याकाळी गाडीत बसावे, दुसऱ्या दिवशी सकाळी भूज येते. हल्ली आपल्याकडची बरीच कुटुंबे दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत तिकडे जातात ती पांढरे रण पाहायला. चांदण्यात मिठाच्या मैदानावर फोटो काढायचे, मुलांना उंटावर बसवायचे, आरशांची एखादी पिशवी विकत घ्यायची आणि परतायचे. यात वाईट काहीच नाही. परंतु भूजहून भचाऊकडे जाणाऱ्या बाजूला पंधरा-सोळा किलोमीटरच्या आत तीन गावे आहेत. भुजोडी, कुकमा आणि अजरखपूर. ज्यांच्या घरी कधीकाळी माग होता किंवा ज्यांचे वडील-आजोबा गिरणीत खपले, अशा घरांनी रण पाहण्याआधी ही तीन गावे पाहावीत. मरायला टेकलेली हस्तकला पुन्हा उभी करायची तर त्यासाठी केंद्र कसे असावे, त्यात जागा कोणाला आणि मान कोणाला, याचे निरनिराळे प्रयोग इथे एकाच रस्त्यावर पाहायला मिळतात.

विणकरांची भुजोडी

भुजोडी भूजपासून साधारण आठ किलोमीटर. गल्लीत शिरताच मागाचा खटक-खटक आवाज ऐकू येतो. पडवीत नाहीतर शेजारच्या खोलीत जमिनीत खड्डा खणलेला असतो. विणकर त्यात पाय सोडून बसतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हाताने धोटा पळवतो. साधे कापड असे झपाट्याने पुढे सरकते. नक्षीचे तसे नाही. बाण्याच्या जोडीला रंगीत जादा धागा बोटांनी ताण्यात घालावा लागतो, तोही ओळीमागून ओळ, धागे मोजून. समोर नमुन्याचा कागद नसतो, सगळा हिशेब डोक्यात असतो. घरातल्या बायका कांड्या भरतात, ताण्याला खळ लावतात, शालीच्या टोकाचे गोंडे वळतात. त्यांच्या कामावाचून माग एक दिवस चालणार नाही, पण विणकर म्हणून नाव लागते ते पुरुषाचे.

हे विणकर मेघवाळ समाजाचे. गुजरातेत हा समाज अनुसूचित जातींमध्ये मोडतो. पूर्वीची रीत अशी, की मेंढ्या पाळणारे रबारी लोकर आणून देत आणि विणकर त्यांच्यासाठी धाबळे, बायकांच्या ओढण्या विणून देत. मोबदला बहुतेक धान्याच्या किंवा इतर वस्तूंच्या रूपाने मिळे. रबारी आणि विणकर यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते म्हणून पर्यटकांना हे कौतुकाने सांगितले जाते. नाते होते, हे खरे. पण ज्या हातांनी विणलेला धाबळा अंगावर चालत होता त्या हातांचे पाणी चालत नव्हते, हेही तितकेच खरे. कौतुकाच्या भरात एवढे मात्र सांगायचे राहून जाते.

हे ऐकून आपल्याला नवल वाटायला नको. विदर्भात आपल्या वाडवडिलांपैकी कितीतरी घरे जाडेभरडे कापड विणून पोट भरत होती. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे हातमागाचा टिकाव लागेना, तेव्हा हीच माणसे गिरणीत कामाला लागली. मुंबईच्या गिरण्यांत तर वेगळाच प्रकार होता. विणाई खात्यात पगार बरा, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण कामगारांना ते चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला होता. विणण्याची कला ज्या समाजाच्या हातात होती, त्यालाच विणाई खात्याचे दार बंद, असा हा न्याय!

राजाचे कारखाने

कारागिरांना शिकवून कला वाढवण्याची कल्पना भूजला नवी नाही. अठराव्या शतकात राव लखपतजींच्या पदरी रामसिंह मालम नावाचा कारागीर होता. तो युरोपात, विशेषतः हॉलंडात राहून काचकाम, मिनाकारी, घड्याळे आणि फरशांचे काम शिकून आला. त्याने भूजचा आईनामहाल सजवला आणि राजाच्या पाठबळावर कारखाने उभे केले. २००१ च्या भूकंपात महालाची बरीच पडझड झाली, तरी आतली कलाकुसर पाहून माणूस थक्क होतो. पण ते सारे राजासाठी होते. वस्तू महालात राहिल्या आणि त्या घडवणाऱ्या हातांपैकी बहुतेकांची नावेही आज आपल्याला ठाऊक नाहीत. कला केंद्र कोणासाठी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

भूकंपानंतर

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छ हादरले. हजारो माणसे गेली, गावेच्या गावे भुईसपाट झाली. घराबरोबर मागही गाडले गेले. त्यानंतर सरकारने करसवलती दिल्या आणि जिल्ह्यात मोठमोठे कारखाने आले. विणकरांच्या तरुण मुलांना कंपनीत महिन्याचा बांधील पगार मिळू लागला. मागावर बसून तेवढे सुटेना. दुसरीकडे लुधियानाच्या यंत्रमागावर कच्छी नक्षीच्या नकली शाली निघू लागल्या आणि बाजारात त्या निम्म्याहून कमी भावाला मिळू लागल्या. पुढे कच्छी शालीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव लावण्याचा हक्क त्या प्रदेशातल्या विणकरांचा झाला. पण दुकानात उभे असलेले गिऱ्हाईक मानांकन विचारत नाही, भाव विचारते.

अशा वेळी २००५ साली कुकम्याजवळ ‘खमीर’ ही संस्था उभी राहिली. नाव कच्छी बोलीतले, अर्थ अंगातला स्वाभिमान. केंद्रात माग आहेत, कार्यशाळा आहेत, वस्तूंचे दालन आहे. पण महत्त्वाचे काम आहे ते कापसाचे. कच्छमध्ये काला कापूस नावाची जुनी देशी जात पावसाच्या पाण्यावर येते, तिला औषधांची फवारणी लागत नाही. तिचा धागा आखूड, म्हणून गिरण्या तिला विचारत नसत आणि शेतकऱ्याला भाव मिळत नसे. खमीरने शेतकरी, सूत काढणारे आणि विणकर यांची साखळी जोडली. सुरुवातीला धागा मागावर तुटे, विणकरांना हात नव्याने बसवावा लागला. पण लोकर महाग झालेली आणि शाल फक्त थंडीत खपणारी, अशा वेळी सुती कापडामुळे बारमाही काम मिळाले. कंपनीत गेलेल्यांपैकी काही तरुण त्यामुळे मागाकडे परतले.

खमीरमध्ये आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. फेकून दिलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन, त्यांच्या पट्ट्या कापून, त्या मागावर विणतात. विणतात बायका! पिढ्यान्‌पिढ्या कांड्या भरणाऱ्या बायकांना या टाकाऊ मालाने मागाच्या खड्ड्यात बसवले.

पाणी पाहून वसवलेले गाव

अजरखपूरची हकिकत वेगळी. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी, नैसर्गिक रंगांत, बहुधा दोन्ही बाजूंनी छापलेले कापड. हे काम मुस्लिम खत्री कारागिरांचे. कापड धुणे, हरड्यात बुडवणे, चुना-डिंकाचा लेप छापणे, गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून केलेला काळा रंग, तुरटी, नीळ, पुन्हा धुणे, असे चौदा ते सोळा टप्पे होतात. प्रत्येक टप्प्याला पाणी लागते, आणि तेही चांगले. भूकंपानंतर धमडका या जुन्या गावात पाण्याची पातळी खाली गेली आणि त्यात लोहाचे प्रमाण वाढले, त्यामुळे रंग बिघडू लागले. तेव्हा डॉ. इस्माइल महंमद खत्री आणि त्यांच्या समाजाने पाणी पाहून नवी जागा घेतली आणि अजरखपूर वसवले. केंद्राची जागा ठरवताना आधी इमारतीचा आराखडा काढायचा की आधी विहिरीचे पाणी तपासायचे, याचे उत्तर या गावाने दिले आहे. २०२४ मध्ये कच्छी अजरखलाही भौगोलिक मानांकन मिळाले.

याच गावाच्या शेजारी २०१६ साली ‘लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर’ हे मोठे केंद्र सुरू झाले. त्याच्यामागे ‘श्रुजन’ ही संस्था आहे. १९६९ च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी धनेटी गावी आल्या होत्या. तिथल्या बायकांना फुकटचे अन्न नको होते, काम हवे होते. त्यांचे भरतकाम पाहून चंदाबेननी त्यांना साड्या भरायला दिल्या आणि त्यातून संस्था उभी राहिली. केंद्राची वास्तू अहमदाबादच्या इंडिगो आर्किटेक्ट्सनी रचली. आत संग्रहालय आहे, शिकण्याच्या जागा आहेत. आहिर, रबारी, मेघवाळ, सोढा, जत, मुतवा अशा निरनिराळ्या समाजांचे टाके तिथे जवळून पाहता येतात. सूफ नावाच्या भरतकामात तर कापडाच्या उलट बाजूने धागे मोजत टाके घालतात आणि सुलट बाजूला नक्षी उमटते. आजीचा विसरलेला टाका नातीला पुन्हा पाहता यावा, हा या संग्रहालयाचा खरा उपयोग आहे. पर्यटक त्यानंतरचे.

कारागिरांची शाळा

इमारतीपेक्षाही मोलाचा वाटला तो शाळेचा प्रयोग. ज्युडी फ्रेटर या अमेरिकन बाईंनी सुमरासरच्या ‘कलारक्षा’ संस्थेत अनेक वर्षे काम केले. त्यांच्या लक्षात आले, की शहरातला शिकलेला डिझायनर नमुना काढतो, नाव आणि पैसा त्याचा. कारागिराने फक्त हात चालवायचे आणि मजुरी घ्यायची. म्हणजे बुद्धी एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे, ही आपल्या ओळखीची वाटणी इथेही आलीच. म्हणून २००५ मध्ये कलारक्षा विद्यालय सुरू झाले आणि पुढे २०१४ मध्ये अदिपूरला सोमय्या कला विद्या. वर्षभराचा अभ्यासक्रम, पण तो दोन-दोन आठवड्यांच्या सहा सत्रांत विभागलेला. हातावर पोट असलेला माणूस वर्षभर घर सोडून राहू शकत नाही, हे त्यात ध्यानात घेतले आहे. सत्र संपले की घरी जायचे, आपल्याच मागावर गृहपाठ करायचा. रंगसंगती, रचना, बाजाराची ओळख, किंमत कशी ठरवायची, हे सारे शिकायचे. दहावीची पाटी कोरी असली तरी हरकत नाही, हातात कला हवी.

आपला प्रश्न

इथे आपल्या वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती यायलाच हवी. जन्मावरून धंदा ठरवणारी व्यवस्था मोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात त्यांनी ते सविस्तर मांडले. खेड्यातल्या जुन्या जीवनाच्या कौतुकाला त्यांनी कधी मान डोलावली नाही. आपल्या माणसांनी गावकीची कामे टाकली, शहराची वाट धरली, म्हणून आज आपली मुले शिकली. मग विणकराच्या मुलाला पुन्हा मागावर बसवणाऱ्या केंद्राचे आपण कौतुक का करावे?

उत्तर सरसकट देता येत नाही. प्रत्येक केंद्र तपासून पाहावे लागते. वस्तूची किंमत कारागीर ठरवतो की दुकानदार? वस्तूवर त्याचे नाव असते का? बाईला तिच्या कामाचे पैसे तिच्या हातात मिळतात का? विणकराच्या मुलीला इंजिनिअर व्हायचे असेल तर तिला कोणी ‘परंपरा बुडाली’ म्हणून टोकते का? आणि दुसऱ्या जातीच्या मुलाला माग शिकावासा वाटला, तर तो खड्ड्यात पाय सोडून बसतो का? ज्या केंद्रात या प्रश्नांची उत्तरे नीट मिळतात, तिथे ती कला कौशल्य झालेली असते. जिथे मिळत नाहीत, तिथे रंगीत भिंतींआड जुनेच बलुते चालू आहे असे समजावे. भुजोडीच्या विश्राम वालजी वणकरांना १९७४ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या घरातून आज देशोदेशी माल जातो, तो त्यांच्या नावाने. हे नाव लागणे छोटी गोष्ट नाही.

ही गोष्ट कच्छपुरती नाही. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने तशाच चपला मिलानच्या प्रदर्शनात मिरवल्या, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. ओरड झाली, मग कंपनीने हा कोल्हापुरी वारसा असल्याचे मान्य केले. ती चप्पल पिढ्यान्‌पिढ्या घडवली कोणी, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. उद्या महाराष्ट्रात चामड्याचे, बांबूचे किंवा विणकामाचे केंद्र निघेल, तेव्हा आराखड्याच्या पहिल्या बैठकीत कारागीर खुर्चीवर बसलेला असला पाहिजे. उद्‍घाटनाच्या दिवशी त्याला शाल देऊन भागणार नाही.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, उन्हाळ्यात कच्छ भाजून काढते. भूजहून रिक्षा ठरवली तर तिन्ही गावे एका दिवसात होतात. सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. भूजमधले १८७७ साली सुरू झालेले कच्छ संग्रहालयही मुलांना दाखवावे. शाल घ्यायची तर शक्यतो विणकराच्या घरूनच घ्यावी. कितीला, हे विचारण्याआधी किती दिवस लागले ते विचारावे. आपण स्वतः मजुरीवर जगणारी माणसे आहोत; दुसऱ्याच्या मजुरीत घासाघीस करणे आपल्याला शोभत नाही. आणि मुलांना मागाजवळ नेऊन थोडा वेळ बसवावे. धोटा कसा पळतो, धागे कसे मोजतात, ते त्यांनी पाहावे, आणि हे डोक्याचेही काम आहे, एवढे त्यांना आवर्जून सांगावे.