पांढरा टॅग, लाल टॅग

चाकणच्या आमच्या कारखान्यात नव्या ऑपरेटरला मशीन चालवायला देण्याआधी ते पुसायला देतात. हातात फडकं, ब्रश आणि टॉर्च. पुसता पुसता ऑइल कुठे झिरपतंय, कुठला बोल्ट ढिला झालाय, कुठली वायर घासतेय हे दिसायला लागतं. साफसफाई हीच तपासणी, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. या पद्धतीला टीपीएम म्हणतात. टोयोटाच्या गटातल्या निप्पॉनडेन्सो या जपानी कंपनीत ती उभी राहिली आणि 1971 साली त्या कंपनीला तिच्यासाठी पुरस्कार मिळाला. त्यातल्या ऑपरेटरच्या वाट्याच्या कामाला शॉपफ्लोअरवर सगळे नुसतं ‘जेएच’ म्हणतात. दोष सापडला की मशीनला टॅग बांधायचा. आपल्याच्यानं होण्यासारखा असेल तर पांढरा, मेंटेनन्सवाल्यांचं काम असेल तर लाल.

घरात मात्र ज्या शेगडीपुढे आपण सकाळ-संध्याकाळ उभ्या असतो, तिला हात लावायचा नाही असं मी लहानपणापासून ऐकत आले. गॅसचा विषय, उगाच नसता उद्योग नको, माणूस येईल. तो माणूस आठ-आठ दिवस येत नाही, आला की झाकण उघडून काय केलं ते सांगत नाही आणि पैसे घेऊन जातो. प्रेस मशीन सांभाळणाऱ्या बाईला घरचा बर्नर उघडायची भीती वाटावी, हे मला पटेना.

सुरुवात सासूबाईंमुळे झाली. आम्ही मोशीला राहतो, आणि मी फर्स्ट शिफ्टला असले की सकाळचा स्वयंपाक त्याच करतात. एकदा म्हणाल्या, “अगं, डावी शेगडी हल्ली कण्हते. आणि पातेलंही खालून काळं व्हायला लागलंय.” कारखान्यातही मशीनचा बदललेला आवाज साहेबांच्या आधी ऑपरेटरलाच कळतो. सासूबाईंनी बिघाड ओळखलेला होता, फक्त पुढे काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

रेग्युलेटर बंद करून नळी सोडवली आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून शेगडी उलटी ठेवली. खालून पाहिलं की सगळं उलगडतं. बटणामागच्या कॉकच्या तोंडाशी पितळेचा छोटा जेट असतो. त्याच्या बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो आणि समोरच्या मिक्सिंग ट्यूबमध्ये शिरताना आजूबाजूची हवा सोबत ओढून नेतो. पुरेशी हवा मिळाली की ज्योत निळी, कमी पडली की पिवळी. पिवळ्या ज्योतीत गॅस पुरता जळत नाही, त्याचीच काजळी पातेल्याला बसते. म्हणजे हवा कुठे अडतेय ते शोधायचं. बाटली धुवायचा ब्रश ट्यूबमधून फिरवला तेव्हा करपलेली मोहरी, रव्याचा खडा झालेला गोळा आणि झुरळाचा पंख बाहेर आला. बर्नरच्या भोकांत उतू गेलेलं दूध दगडासारखं बसलं होतं. बर्नर चिंचेच्या कढत पाण्यात ठेवला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासला आणि उन्हात पूर्ण वाळवला. ओला बर्नर लावला की ज्योत फुटफुटते.

जेटची गोष्ट वेगळी. तो साफ करायला पुष्कळ जण सुई घेतात. पितळ मऊ असतं. पोलादी सुईनं भोक मोठं होतं आणि मग ती शेगडी कायमची जास्त गॅस ओढत राहते. मी वायरमधली तांब्याची एकच तार काढून ती आरपार घातली. पुन्हा जोडणी केल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. कुठे बुडबुडा फुगत नाही हे नीट बघितलं, मगच लायटर हातात घेतला. काडी पेटवून गळती बघणारे लोक आजही आहेत. ते करू नका, एवढं मी ज्याला त्याला हात जोडून सांगते.

हे इमारतीत कळलं तशा बायका विचारायला येऊ लागल्या. त्यातलं शेजारच्या काकूंचं प्रकरण सांगण्यासारखं आहे. काकू निगडी प्राधिकरणातून इकडे राहायला आल्या. तिथे त्यांच्याकडे पाइपचा गॅस होता, आमच्या इमारतीत अजून सिलिंडरच आहे. इथे आल्यापासून त्यांची शेगडी भडकायची. लांब पिवळ्या ज्वाळा कढईच्या कडेनं वर यायच्या, भांडी काळी ठिक्कर पडायची आणि डोळे चुरचुरायचे. दुरुस्तीवाल्यानं बर्नर बदलून दिले, तरी तेच. मी जेट काढून आमच्या जेटशेजारी ठेवला आणि टॉर्च लावला. त्यांच्या जेटचं भोक साध्या डोळ्यांनाही मोठं दिसत होतं. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. एक घनमीटर मिथेनमध्ये तेवढ्याच सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहून कमी उष्णता असते. शिवाय पाइपचा गॅस शेगडीपर्यंत साधारण 21 मिलिबार दाबानं येतो, तर सिलिंडरचा रेग्युलेटरमधून साधारण 30 नं. म्हणून पाइपची जोडणी देताना मोठ्या भोकाचे जेट बसवतात. तोच जेट सिलिंडरवर राहिला तर बर्नरला झेपेल त्याहून खूप जास्त गॅस सुटतो. घर बदलताना हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पिंपरी कॅम्पात शेगडीची कंपनी आणि मॉडेल सांगून एलपीजीचे जेट आणले आणि बसवून साबणाचं पाणी लावून बघितलं. ज्योत बसकी, निळी झाली. काकूंनी त्याच दिवशी त्यावर पुरणपोळ्या केल्या. आपल्या भागात एकीकडे पाइप, एकीकडे सिलिंडर अशी स्थिती आहे आणि भाड्याची घरं सारखी बदलतात, त्यामुळे हा प्रकार इतर घरांतही असणार असं मला वाटतं.

आता लाल टॅग. आमच्या शेगडीचं एक बटण फिरवताना अडायचं. कॉकच्या आत निमुळता पितळी दट्ट्या असतो. तो त्याच्या घराशी घासून जुळवलेला असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आतलं ग्रीस सुकलं की बटण जड होतं. तेल सोडून ते मोकळं करता येतं असं पुष्कळ जण सांगतात. पण साधं तेल तापून जळतं आणि गॅस बाहेर पडायला वाट मिळते. ते काम मी एजन्सीच्या मेकॅनिकला दिलं आणि शेजारी उभं राहून बघितलं. रेग्युलेटर आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह यांनाही लाल टॅगच. वास आला तर रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, विजेचं एकही बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही. मग बाहेर जाऊन 1906 ला फोन करायचा. हा नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

ओव्हनचा धडा पावसाळ्यात मिळाला. आमच्या लहानपणी दिवाळीत नानकटाईचं पीठ डब्यात घालून बेकरीत भाजून आणायचे. आता आमच्या घरी ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आहे, पण तो वर्षातले महिनोन् महिने कपाटात असतो. गणपतीच्या सुमारास काढला, लावला आणि घराचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, खटकन पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. ओव्हनची पिन काढून मल्टीमीटर लावला. 750 वॉटच्या कॉइलचा रोध 230 व्होल्टच्या हिशोबानं 70 ओहमच्या आसपास यायला हवा, तो तसा आला. म्हणजे कॉइल तुटलेली नव्हती. पुढचं काम माझं नाही हे ओळखून मी आमच्या मेंटेनन्सच्या दादांना बोलावलं. ते इन्सुलेशन मोजायचा मेगर घेऊन आले. कॉइल आणि ओव्हनचा पत्रा यांच्यामध्ये मेगर धरला तर काटा शून्याजवळच लोळत होता. त्यांनी कारण सांगितलं. कॉइलच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती वीज अडवते, पण दमट हवेत टोकांतून ओल शोषून घेते. मग वीज पत्र्यात उतरायला लागते आणि ईएलसीबी पडतो. त्यांनी कॉइल काढून दिली. पाऊस उघडला तेव्हा मी ती गच्चीवर कडक उन्हात ठेवत गेले, आणि मेगरचं माप सुधारल्यावरच त्यांनी ती परत बसवली. ईएलसीबी नसलेल्या घरात, अर्थिंगही धड नसेल, तर हाच दोष हाताला झटका बसल्यावर कळतो. आता पावसाळ्यातही मी ओव्हन अधूनमधून तापवते.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र खोल्यांमधल्या पोरांची वाटते. माझा आतेभाऊ हिंगोलीहून कंत्राटी कामाला आला आणि निघोज्यात तिघांबरोबर खोली घेऊन राहतो. त्यांच्याकडे पाच किलोचं सिलिंडर होतं आणि जमिनीवरच दोन बर्नरची शेगडी. नळी साधी हिरवी रबरी. वाकवून बघितली तर वळणावर भेगा पडलेल्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो, आणि ही पोरं झोपतात जमिनीवरच. तारेच्या जाळीची नारिंगी सुरक्षा नळी आणवली. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं, आणि पाच वर्षांनी ती कशीही दिसली तरी बदलायची. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी, म्हणून विटांवर कडप्पा टाकून त्यांनी ओटा केला. साबणाचं पाणी कसं लावायचं ते चौघांकडूनही करून घेतलं, कारण शिफ्ट वेगवेगळ्या असतात आणि खोलीवर कधी कोण असेल सांगता येत नाही.

खोलीला खिडकी एकच, तीही वर छताजवळ. खालच्या बाजूला झरोका पाडून द्या म्हणून मी घरमालकांशी दोनदा बोलले, ते अजून तयार नाहीत. दाराखालच्या फटीत पोरांनी उंदरांसाठी गोणपाट कोंबलं होतं. ते काढलं आणि त्या जागी बारीक तारेची जाळी ठोकली.