अकरा हंगाम

राष्ट्रीय फुटबॉल लीग नावाची एक स्पर्धा १९९६-९७ च्या हंगामात भारतात सुरू झाली, अकरा हंगाम चालली, आणि २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली. तिचे चरित्र एवढ्या एका वाक्यात आटोपते. मराठीत तिच्याविषयी फारसे लिहिले गेल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि त्यात आश्चर्य वाटावे असेही काही नाही. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून मराठी क्रीडापत्रकारितेला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा मोठा वाटा पुढे क्रिकेटच्याच पदरात पडला. मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या मुलुखात या लीगचा एकही सामना झाला नाही, तिथे बसून तिचा इतिहास आठवण्याचे कारण काय? कारण असे की, ‘आपला’ हे सर्वनाम माणसे कशाच्या आधारावर वापरतात, हा वर्गात कवितेच्या निमित्ताने वारंवार पडणारा प्रश्न मला या लीगच्या निमित्ताने अधिक नीट कळला.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे फुटबॉलच्या स्पर्धा जुन्या आहेत. ड्युरँड चषक १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा. पण त्या सगळ्या बाद पद्धतीच्या. आठ-पंधरा दिवसांत उरकणाऱ्या. संतोष करंडक राज्यांचा. वेगवेगळ्या शहरांतील क्लबांनी हंगामभर एकमेकांच्या मैदानांवर जाऊन खेळावे, आणि सातत्य दाखवील त्याला विजेतेपद मिळावे, ही कल्पना देशपातळीवर प्रथम या लीगने प्रत्यक्षात आणली. पहिले विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने पटकावले. बायचुंग भुतिया तेव्हा त्याच संघात होता आणि सर्वाधिक गोल त्याचेच होते. नंतरच्या दहा हंगामांत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनी प्रत्येकी तीनदा, डेम्पोने दोनदा, तर साळगावकर आणि मुंबईच्या महिंद्र युनायटेडने एकेकदा लीग जिंकली. म्हणजे अकरांपैकी सहा विजेतेपदे कोलकात्याची, तीन गोव्याची, एक पंजाबचे, एक मुंबईचे. नाव राष्ट्रीय, भूगोल मात्र चार ठिकाणांचा. दरम्यान रोव्हर्स चषक २००१ च्या सुमारास बंद पडला, याचीही फारशी कुणी दखल घेतली नाही.

ही लीग ‘व्यावसायिक’ म्हणवली जाई. हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. लीगमध्ये वेळोवेळी उतरलेल्या संघांची नावे पाहावीत: एअर इंडिया, इंडियन बँक, आयटीआय, हिंदुस्थान एरोनॉटिक्स, स्टेट बँक ऑफ त्रावणकोर. ही क्लबांची नावे नाहीत, आस्थापनांची आहेत. या संघांतला खेळाडू बहुधा त्या आस्थापनेचा नोकर असे. सकाळी सराव, हजेरीपटावर नाव, आणि खेळणे थांबल्यावर टेबल-खुर्ची. आमच्या भागातही फुटबॉल खेळणाऱ्या मुलाची स्वप्ने याच जातीची होती. पोलीस, रेल्वे, वीज केंद्र, कोळसा खाण: कुठेतरी खेळाडूंच्या कोट्यातून चिकटता आले तर पाय सार्थकी लागले. खेळ हा व्यवसाय असू शकतो ही कल्पना त्याच्या घरी समजावून सांगणे अवघड होते; खेळामुळे नोकरी लागते हे मात्र कुणालाही समजत असे. लीगने शब्द नवा आणला, पण संघांच्या मुळाशी नोकरीच राहिली. आणि नोकरीचा स्वभाव असा की ती देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

गोव्याचे उदाहरण आम्हा चंद्रपूरकरांना विचार करायला लावणारे आहे. डेम्पो आणि साळगावकर ही क्लबांची नावे त्याआधी उद्योगघराण्यांची नावे आहेत, आणि या घराण्यांच्या वैभवात लोहखनिजाचा वाटा मोठा. जमिनीखालून निघालेल्या संपत्तीचा एक ओघळ मैदानाकडे वळला. चंद्रपूरच्या भूगर्भातून शतकाहून अधिक काळ कोळसा निघतो आहे, त्याच्यावर अवाढव्य वीज केंद्र उभे आहे, बल्लारपूरला कागदाचा कारखाना आहे, आणि आता गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावरून लोहखनिजाचे ट्रक धावतात. तरीही या मातीतून राष्ट्रीय लीगमध्ये खेळणारा एकही संघ उभा राहिला नाही. गोव्यात खाणमालक तिथलेच होते आणि गावागावांत चर्चच्या अंगणापासून फुटबॉल रुजलेला होता. आमच्याकडे मालकी दूरची आणि खेळ वसाहतींच्या कुंपणातला. जिथे मालक आणि प्रेक्षक एका गावचे नसतात, तिथे संपत्तीला मैदानाची वाट सापडत नाही, असे मला वाटते.

२००६ मध्ये महिंद्र युनायटेडने लीग जिंकली तेव्हाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डेरिक परेरा प्रशिक्षक होते. कूपरेज हे ज्याचे घरचे मैदान, असा महाराष्ट्रातला संघ प्रथमच, आणि अखेरचाच, या लीगचा विजेता ठरला. आमच्या महाविद्यालयाच्या वाचनालयात मी ती बातमी वाचली आणि प्राध्यापककक्षात मोठ्या उत्साहाने सांगितली. कुणी विरोध केला नाही, कुणी आनंदही मानला नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सहज विचारले, “महिंद्र म्हणजे आपले कसे?” प्रश्न रास्त होता. मुंबई आम्हाला नकाशाने जोडलेली. कंपनी तर तेवढीही नाही.

त्याच्या आदल्या दोन-तीन वर्षांत मात्र मी वेगळे काही पाहिले होते. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती १९६० च्या दशकापासून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवण्यात आल्या. आज त्यांतील बरीच गावे गडचिरोलीच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत आहेत. चंद्रपूर शहरात ‘बंगाली कॅम्प’ हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. माझ्या वर्गात या गावांतली मुले असत. उत्तम मराठी बोलत, पण आपसांत बंगालीत. २००३ आणि २००४ मध्ये ईस्ट बंगालने लागोपाठ दोनदा लीग जिंकली, आणि मधल्या काळात, जुलै २००३ मध्ये, जकार्त्याला आसियान क्लब चषकही मिळवला. त्या सुमारास मुलचेरा भागातली एक विद्यार्थिनी मला सांगत होती, की घरी रेडिओला कान लावून निकाल ऐकले गेले आणि वडिलांनी गल्लीत मिठाई वाटली. तिने कोलकाता पाहिले नव्हते. तिच्या वडिलांनीही नाही. आजोबा खुलन्याहून निघाले ते रायपूरजवळच्या माना छावणीत आणि तिथून या जंगलात आले. पण क्लबच्या नावात त्यांचा देश होता.

ईस्ट बंगाल क्लब १९२० सालचा. कोलकात्यात राहणाऱ्या पूर्वेकडच्या लोकांनी स्थापन केलेला. फाळणीनंतर तो निर्वासितांचा क्लब झाला. ज्या भूमीचे नाव त्याने धारण केले ती भूमी आधी पूर्व पाकिस्तान झाली, मग बांगलादेश. जुने नाव उरले ते एका फुटबॉल संघाच्या छातीवर. म्हणून हजार किलोमीटरांवरच्या विजयाने मुलचेऱ्यात मिठाई वाटली जाते, आणि मुंबईतल्या विजयाने चंद्रपूरच्या प्राध्यापककक्षात पानही हलत नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. निर्वासितांची स्मृती हळवी करून सांगण्याचा मोह होतो. या वसाहती ज्या जंगलात उभ्या राहिल्या ते जंगल मोकळे नव्हते. ते गोंड-माडियांचे होते. एका विस्थापनाची जखम भरून काढताना दुसऱ्यांच्या भूमीवर रेषा आखल्या गेल्या, आणि त्या दुसऱ्यांच्या वाट्याला छातीवर नाव मिरवणारा कुठला क्लब आला नाही. ‘आपला’ म्हणण्याचे साधन मिळणे हीसुद्धा एक मिळकत आहे, आणि तिची वाटणीही विषमच आहे.

लीग संपल्यानंतरचा हिशेब थोडक्यात मांडतो. महिंद्रने २०१० मध्ये आपला संघ विसर्जित केला. पहिला विजेता जेसीटी २०११ मध्ये गेला. सामने दूरचित्रवाणीवर फारसे दिसत नाहीत, खर्च परवडत नाही, ही कारणे त्यांनी दिली. २०१६ मध्ये साळगावकर आणि डेम्पो आय-लीगमधून बाहेर पडले. डेम्पो २०२४ मध्ये परतला, तोवर आय-लीग दुसऱ्या श्रेणीची झाली होती. २०१४ मध्ये आलेल्या इंडियन सुपर लीगने आधीचे सारे झाकोळून टाकले, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच लीगचा पुढचा हंगाम कराराच्या अनिश्चिततेपायी स्थगित ठेवण्याची पाळी आली. ईस्ट बंगाल टिकला आहे, पण तोही गुंतवणूकदार बदलत बदलत. स्मृती एकट्याने क्लब चालवू शकत नाही, पगार द्यावेच लागतात. फरक एवढाच, की गुंतवणूकदार निघून गेला तेव्हा दुसरा शोधण्यासाठी गिल्ला करायला ईस्ट बंगालच्या मागे माणसे होती. महिंद्र आणि जेसीटी बंद झाले तेव्हा बातमी आली, हळहळ झाली, आणि पान उलटले गेले.

आमच्या विद्यापीठीय वर्तुळात साहित्यसंस्थांविषयी, नियतकालिकांविषयी आपण नेमके हेच बोलत असतो. अनुदान थांबले की कोणते नियतकालिक बंद पडते आणि कोणते वर्गणीदार दारोदार फिरून चालू ठेवतात? अनुदान वाईट नसते; पण ते थांबल्यावर अस्वस्थ होणारी माणसे आधी तयार व्हावी लागतात, आणि त्यांना अकरा वर्षे पुरत नाहीत. त्या विद्यार्थिनीची मुले आता मोबाइलवर युरोपातल्या क्लबांचे सामने पाहतात, असे ती मागे फोनवर म्हणाली. मी विचारले, आणि ईस्ट बंगाल? ती म्हणाली, “ते बाबांसाठी लावतो, सर.”